उशाच्या फळीवरचे पांढरे डाग

सकाळी विनोदने छपरीची बांबूची ताटी बाजूला सारली आणि कपाळावर हात मारून घेतला. उशाची फळी पुन्हा पांढरी पडली होती.

सगळी पडली असती तरी माणसाने समजून घेतलं असतं. पौषातली थंडी, जंगलातलं गाव, पहाटे पत्र्यावरून दव ठिबकतं. त्यात लाखेची पॉलिश म्हणजे मोठी रुसवी जात. जरा कुठे ओल लागली की तोंड पांढरं करून बसते. पण हे तसं नव्हतं. फळीच्या मधोमध थेंबाथेंबाचे डाग होते, काही रुपयाएवढे, काही ओघळून लांबट झालेले, काचेवर कोणी तोंडाची वाफ सोडावी तसे धुरकट. बाकीची फळी चकाचक. काल संध्याकाळी याच फळीत विनोदने स्वतःचे दात पाहिले होते.

फळी सागवानाची, पलंग लग्नाचा आणि लग्न विनोदचं. म्हणजे होणार होतं. होणार की नाही हे या पलंगावर ठरायचं होतं, आणि पलंग काही पुरा व्हायचं नाव घेत नव्हता.

विनोद या घरचा लमझना. गोंडांमधली ही जुनी रीत. होणारा जावई लग्नाआधी मुलीच्या बापाच्या घरी येऊन राहतो, त्याच्या शेतात-धंद्यात राबतो, आणि मग लग्न लागतं. आता ही रीत फारशी उरली नाही. पोरं-पोरी मोबाईलवरच काय ते ठरवून मोकळी होतात. पण विनोदला आई नव्हती, बाप नव्हता, मुलीच्या घरी नेऊन ठेवावं असं काही नव्हतं. होते ते दोन हात, आणि त्या हातांत ब्रह्मपुरीच्या एका फर्निचरवाल्याकडे शिकलेली पॉलिश.

झिंगूमामांना नेमके हातच हवे होते. मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या हेटीटोल्याचे ते सुतार. नांगर, वखर, दाराच्या चौकटी हे त्यांचं काम. उजवा खांदा धरला तेव्हापासून त्यांच्याने रंधा ओढवेना. बायको कमळा तापाचं निमित्त होऊन गेलेली. मुलगा पवन माजरीला कोळशाच्या खाणीत कंत्राटी कामावर गेला आणि तिकडचाच झाला. सणासुदीला त्याचा फोन येतो, तो स्वतः येत नाही. घरात उरले मामा आणि त्यांची मुलगी सोमारी.

मामांनी अट एकच घातली होती. "पलंग कर, बाबू. तुह्या हातानं कर. झाला का तारीख काढू." रीतीत पलंगबिलंग काही नाही, ही मामांची स्वतःची अट. बायको गेल्यावर घरात एक तरी नवी वस्तू उभी राहावी असं त्यांना वाटलं असेल. आणि सोमारीला कोणी विचारलं होतं का? विचारलं होतं. ती म्हणाली होती, "पलंग त होऊ द्या."

आता या उत्तराचा अर्थ काय लावायचा ते तुम्हीच सांगा. विनोदने हरतऱ्हेने लावून पाहिला आणि दर वेळी तो बसला. पलंग झाला की मी तयार आहे. पलंग होईपर्यंत तरी मला छळू नका. पलंग होतो की नाही ते तर बघू. की नुसतंच आपलं पलंग होऊ द्या, लाकूड वाया जाऊ नये.

पाय झाले, पट्ट्या झाल्या, पायथ्याची फळी झाली. त्यांची पॉलिश एकदम नितळ. उशाच्या फळीवर मामांनी स्वतः डाव्या हाताने दोन मोर कोरले होते, एकाची मान जरा वाकडी आली होती. पलंग जोडायचा बाकी होता, म्हणून ती फळी छपरीत दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवलेली. तिला पॉलिशचा शेवटचा हात मारला आणि दुसऱ्या सकाळपासून हे पांढरं सुरू झालं.

पहिल्यांदा विनोद घाबरला नाही. असे धुरकट डाग त्याने ब्रह्मपुरीला पुष्कळ काढले होते. फळी उन्हाला धरायची, चांगली कोरडी होऊ द्यायची. मग जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस घालून पोटली करायची, तिच्यावर स्पिरिटचे दोन-चार थेंब, जास्त नाही, गालाला लावली तर थंड लागावी पण ओली लागू नये एवढेच. ती पोटली डागावरून हलकी, पाखरू उतरून उडावं तशी फिरवायची. वरचा पापुद्रा क्षणभर विरघळतो, आत कोंडलेली ओल निघून जाते, आणि धुरकट जागा बघता बघता स्वच्छ होते. ते बघायला विनोदला अजूनही आवडायचं. तासाभरात फळी होती तशी झाली. मोर पुन्हा चमकले.

दुसऱ्या सकाळी डाग पुन्हा हजर, आणि आदल्या दिवसापेक्षा थोडे जास्त.

मामा चहाचा गिलास घेऊन छपरीत आले. फळीकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की विनोदला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"कालच त पुसलं होतं," मामा म्हणाले.

"हो ना मामा. दवानं झालं असन."

"हं," एवढंच म्हणून मामा निघून गेले. चहा गिलासात तसाच होता. हा 'हं' विनोदच्या डोक्यात दिवसभर घुमत राहिला. कारागिराला शिव्या घाला, त्याचं काही वाटत नाही. हा असा 'हं' मात्र त्याला आतून पोखरतो.

दव म्हणावं तर फळी पत्र्याखाली होती. तरी विनोदने वर मेणकापड अंथरलं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. सकाळी दगड जागेवर, मेणकापड जागेवर, आणि खाली डाग. उलट जास्त चिघळलेले. वरून झाकल्यामुळे ओल बाहेर पडायला वाट राहिली नव्हती, एवढं त्याला कळलं. पण ओल आली कुठून? त्याने पत्रा तपासला, वर चढून एक-एक खिळा हाताने चाचपला. ठिबकायला तिथे काही नव्हतं.

मग स्पिरिटवर संशय. स्पिरिटात पाणी असेल तर पॉलिश पांढरी पडते, हे त्या धंद्यातलं लहान पोरगंही सांगेल. स्पिरिट आणलं होतं मुलचेऱ्याच्या बाजारातल्या गोपाल मंडलकडून. गोपालदा तिकडच्या बंगाली वस्तीतला, खिळ्या-मोळ्यांपासून रंगापर्यंत सगळं ठेवणारा. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे स्पिरिटची बाटली मागणाऱ्याकडे तो आधी नीट निरखून बघतो आणि मगच फडताळाला हात घालतो. विनोद सायकल मारत तिथे गेला आणि चाचरत विचारलं, "गोपालदा, ह्यात पाणी त नाई ना?"

गोपालदाने बाटलीचं झाकण काढलं, एका बशीत थोडं स्पिरिट ओतलं आणि काडी ओढली. निळी ज्योत उठली, जळली, विझली. बशी कोरडी ठणठणीत. पाणी असतं तर तळाशी राहिलं असतं.

"बोल," गोपालदा म्हणाला. "कुठी आहे पाणी? अरे बाबा, माझा बाप ह्याच दुकानात बसत होता. मी मिलावट करीन?"

विनोदने त्याची माफी मागितली, दोन पॉलिश पेपर घेतले आणि परत आला. दव नाही, पत्रा नाही, स्पिरिट नाही. मग आहे तरी काय? त्याने लाख बदलली. नवा चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, भिजवला, दुहेरी फडक्यातून गाळला, सबंध फळी घासून काढली आणि पहिल्यापासून हात मारले. छपरीत ओल राहू नये म्हणून संध्याकाळी शेकोटी पेटवून ठेवली. मामा त्या शेकोटीशी येऊन बसायला लागले. विनोदला बरं वाटलं. म्हातारा आपल्या कामाची राखण करतोय असं त्याला वाटलं, आणि तो निवांतपणे नाल्यावर आंघोळीला जायला लागला.

डाग वाढतच गेले.

शेजारची नीलाबाई बघून गेली. कमरेवर हात ठेवून तिने फळीकडे, विनोदकडे आणि पुन्हा फळीकडे पाहिलं. "नजर हाये. दुसरं काई नाई. नव्या पलंगाले लागतेच," असं म्हणून तिने छपरीच्या आड्याला बिब्बा बांधला. विनोदने बाई गेल्यावर तो हळूच बाहेरच्या खांबाला नेऊन बांधला, कारण बिब्ब्याचं तेल फळीवर पडलं असतं तर पांढऱ्याच्या जोडीला काळा डाग आला असता, आणि तो कोणाच्या बापालाही निघाला नसता.

पण नजर हा शब्द त्याच्या मनात राहिला. नजर नाही, हात. कोणाचा तरी हात इथे येतो. कोणीतरी ओल्या हाताने या फळीला शिवतं. मग कोण?

घरात माणसं किती? आपण, मामा आणि सोमारी. मामा तर करणार नाहीत; पलंगाची अटच त्यांची. आपण करत नाही. राहिली सोमारी.

हा विचार आला आणि विनोदला जेवण जाईना. सोमारी गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी ती पोरांचा भात रांधायची, दुपारी घरी येऊन घरचा. विनोदला वाढताना एक शब्द बोलायची नाही, पण अंबाडीची चटणी मात्र न मागता दोनदा वाढायची. चटणी वाढणारी बाई नाही म्हणत असेल का? म्हणतही असेल. चटणी काय, पाहुण्यालाही वाढतात. "झाला का पलंग?" हे ती रोज विचारायची, आणि आवाज असा सपाट ठेवायची की त्यातून आशा काढावी की कंटाळा, हे विनोदला उमजायचं नाही. मामांना नाही म्हणायची तिची हिंमत नसेल. पलंग झाला की तारीख. पलंग झालाच नाही तर? मग तारीख नाही, भांडण नाही, कोणाचं मन मोडलं असंही नाही. लमझना कंटाळून आपल्या पायांनी निघून जाईल.

आणि एका सकाळी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो दातवण तोडून परत येत होता आणि सोमारी छपरीतून बाहेर पडत होती. कमरेवर घागर, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. त्याला बघून ती दचकली. तशीच घरात गेली. विनोद आत धावला. फळीवर डाग, नेहमीच्याच जागी, मोरांच्या मध्ये.

त्या दिवशी विनोदने फळी पुसली नाही. दिवसभर तो वावरातल्या बांधावर बसून होता. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग येईना. कोणाला नको असताना त्याच्या घरात राहायचं, त्याचा भात खायचा, त्याच्या बापाला मामा म्हणायचं याची लाज वाटली. सोमारीने एकदा तोंडाने सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी गेला असता. तेवढंही सांगण्याच्या लायकीचं तिने आपल्याला मानू नये, हे त्याला फार लागलं.

ऊन उतरल्यावर त्याने पिशवीत दोन शर्ट कोंबले आणि कोणाला न सांगता मुलचेऱ्याच्या जीपसाठी फाट्यावर गेला. जीप आलीही. ड्रायव्हरने विचारलं, "बसतं का?" विनोद पायरीवर पाय ठेवून थांबला. आतल्या माणसांनी सरकून जागा केली. तरी हा थांबलेलाच.

त्याला फळी आठवली होती. आपण गेल्यावर ती तशीच पांढरी पडून राहणार. उद्या गाव म्हणणार, ब्रह्मपुरीला शिकून आलेला, आणि एक फळी निघाली नाही याच्याने. सोमारीचं राहू द्या, लग्नाचं राहू द्या, पण पॉलिश खराब टाकून जायचं? हे त्याला जमेना. "तुमी जा," तो ड्रायव्हरला म्हणाला. ड्रायव्हरने त्याला एक शिवी दिली आणि गाडी काढली.

एकदा शेवटची पुसायची, वर एक बारीक हात मारायचा, आणि मग पायीच निघायचं, असं ठरवून तो परत आला. दिवेलागणीची वेळ झाली होती. मामांना तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून रस्ता सोडून वावरातून, मागच्या बाजूने छपरीकडे गेला. आत शेकोटीचा उजेड होता आणि मामांचा आवाज येत होता. विनोद ताटीच्या फटीशी उभा राहिला.

मामा फळीपुढे उकिडवे बसले होते. डाव्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण. बाजूला बाटली. मोहाची होती हे सांगायला नको. बंदी असो की नसो, देवाच्या नावाची तेवढी प्रत्येक घरात असते. मामांनी द्रोणात बोटं बुडवली आणि फळीवर शिंपडली. एकदा मोठ्या देवाच्या नावाने. एकदा कुळातल्या म्हाताऱ्यांच्या नावाने. मग जरा थांबून द्रोणच वाकडा केला, आणि बारीक धार मोरांच्या मध्ये पडली.

विनोदच्या तोंडून हसू फुटणारच होतं. मोहाची दारू! निम्मी दारू, निम्मं पाणी. दारूने पॉलिश उकलायची आणि पाण्याने पांढरी करायची. जगात याहून चांगला उपाय शोधून सापडला नसता. मेणकापडावरचे दगड मामाच उचलून परत ठेवत असणार, आणि आपण पत्र्यावर काय चढलो, गोपालदाची बोलणी काय खाल्ली, आणि वास? वास स्पिरिटातच मिसळून गेला. छपरीत सदा स्पिरिटचा घमघमाट, त्यात मोहाचा कोणाला येणार?

पण मामा बोलायला लागले आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं.

"कमळे," मामा म्हणाले, "आता किती देऊ तुले? नवी वस्तू म्हून पयली दिली, तवापासून रोज देऊन राह्यलो. पोरगा रोज पुसते, तू रोज परत पांढरं करतं. का चुकलं ते त सांग. तुह्या मांगं येवढ्या लवकर पोरीचं लगन काढलं म्हून रागावली का? का तुले हा पोरगा नाई आवडला?" त्यांनी नाक पुसलं. "पवन गेला तवा मी कोणालेच काई मांगलं नाई. मले वाटलं, पोटचा हाये, येते वापस. नाई आला. आता मांगतो. ह्या पोराले राहू दे. सोमारी नाई म्हणली तरी राहू दे. मले तो पाह्यजे."

आपल्याला कोणी इतकं मागून घ्यावं, हे विनोदच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. आणि त्याच दमात दुसरा गोंधळ डोक्यात शिरला. 'सोमारी नाई म्हणली तरी' म्हणजे काय? ती नाही म्हणाली आहे? की म्हणेल अशी मामांना भीती आहे? डाग तिने केले नव्हते, एवढं तर दिसत होतं. मग त्या सकाळी ती इथे काय करत होती?

"गेला व्हता ना? मंग आला काऊन वापस?"

मागे सोमारी उभी होती. तिचा श्वास लागला होता. तिने त्याच्या हातातली पिशवी बघितली.

"फाट्यावर धावत गेली मी," ती म्हणाली. "नीलाबाईनं सांगतलं, तुहा लमझना पिशवी घेऊन निंगाला. जीप निंगून गेली व्हती. म्या म्हटलं चला, झालं एकदाचं."

"हळू बोल," विनोद म्हणाला. "आत..."

"काऊन हळू बोलू? इतके दिवस हळूच बोलून राह्यली ना मी! तुले नाई करायचं होतं त तोंडानं सांगता येत नव्हतं का? रोज पुसतं अन् रोज मागून पांढरं करून ठेवतं! आमाले का कळत नाई? एका घंट्यात काढतं तू ते, मंग सकाळी परत येते कसं? घरात दुसऱ्या कोणाले पॉलिशमधलं समजते? रोज सकाळी घागर भरून आली का आधी छपरीत पाहत होती मी, आज तरी राह्यलं का साफ. नाई. तुले वाटलं, पलंग नाई झाला त सुटलो."

विनोदने तिच्याबद्दल जे जे मनात रचलं होतं ते सगळं ती शब्दाशब्दाने त्याच्यावर टाकत होती. आणि ती रडत होती. नाही म्हणणारी बाई अशी रडते का? त्याला हेही नीट ठरवता येईना.

"म्या नाई केलं," तो कसाबसा म्हणाला. "मले वाटलं तू करून राह्यली."

"मी?" सोमारीचं रडणं आश्चर्याने थांबलं. "मी काऊन करू?"

ताटी सरकली. मामा द्रोण हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं. सोमारीने द्रोणाकडे पाहिलं, आत फळीवरच्या ओल्या धारेकडे पाहिलं, आणि तिला सगळं लख्ख कळलं.

"बा," ती म्हणाली, "हे रोज टाकतं का तू? फळीवर?"

"मंग कुठी टाकू?" मामा म्हणाले. "पलंग तुमचा हाये. जमिनीवर टाकली त तुमाले कशी लागन?"

"अरे पण त्यानंच त पांढरं होऊन राह्यलं!"

मामांना काही समजलं नाही. त्यांनी विनोदकडे पाहिलं. देवाचं नाव घेऊन टाकलेली वस्तू वाईट आहे असं कोण सांगणार, आणि तेही होणाऱ्या सासऱ्याला? पण म्हातारा उत्तरासाठी खोळंबला होता.

"मामा," तो शेवटी म्हणाला, "लाखेवर दारू पडली का पांढरं येतेच. कोणी बी टाको. तुमच्या हातानं पडो का माह्या. त्यात कोणाचा राग नसते."

मामा खाली बसले. द्रोण कलंडला आणि उरलेली मातीत जिरली. बराच वेळ ते बोटं उलटीसुलटी करून बघत राहिले. आपणच रोज डाग पाडत होतो, डाग बघून भीत होतो, आणि भिऊन पुन्हा तेच टाकत होतो, हे त्यांच्या एकेक करून ध्यानात येत असावं. विनोदला वाटलं आता म्हातारा लाजेने मरेल. सोमारीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवायला वाकली.

पण मामांनी मान वर केली तर त्यांच्या तोंडावर लाज नव्हती.

"म्हंजे कमळा नाराज नाई?" त्यांनी विचारलं.

सोमारीने विनोदकडे पाहिलं.

"नाई ना?" मामा पुन्हा म्हणाले. "मले वाटलं ती बोलतच नाई माह्याशी."

सोमारीने बापाला मिठी मारली. विनोद तिथे उभा राहून काय करणार? या दोघांच्या मध्ये आपण नको असं त्याला वाटलं आणि निघून जावं असंही वाटेना. मग जे येत होतं तेच त्याने केलं. आत गेला. आधी फळीवरची ओल कोरड्या फडक्याने टिपली. फळी शेकोटीपासून बेताच्या अंतरावर धरून ऊब दिली. मधोमध पांढुरके ढग उठलेले होतेच. त्याने कापसाची पोटली बांधली, स्पिरिटचे थेंब टाकले, गालाला लावून पाहिली.

थोड्या वेळाने दोघं आत आली. मामा ठोकळ्यावर बसले. सोमारी मोबाईलचा उजेड फळीवर धरून उभी राहिली. हलक्या हाताने पोटली फिरायला लागली, आली आणि गेली, आली आणि गेली, आणि धुरकट जागा कडेकडेने स्वच्छ व्हायला लागली. आतल्या सागाच्या रेघोट्या वर आल्या. वाकड्या मानेचा मोर आधी निघाला. मामा पुढे झुकून बघत होते.

विनोदच्या मनात मात्र अजून एक जागा पुसायची राहिली होती. वर न बघता त्याने विचारलं, "तू म्हणली होती, पलंग त होऊ द्या. त्याचा मतलब का होता?"

"मतलब का असते?" सोमारी म्हणाली. "पलंग झाला का लगन. लवकर कर, असा मतलब."

"पण तसं..."

"बापापुढं अजून कसं सांगू? नाचून सांगू? मले तू पाह्यजे व्हता. आता बी पाह्यजे. पुस आता."

पोटलीचा एक नियम असतो. ओल्या लाखेवर ती चालतीच ठेवावी लागते. एका जागी क्षणभर जरी थांबली तरी चिकटते आणि खालची पॉलिश ओढून काढते. ब्रह्मपुरीला पहिल्या दिवशी शिकवतात हे. विनोदचा हात थांबला.

"अरे, हात चालू ठेव!" मामा ओरडले. "चिपकून राह्यलं!"

चिकटलंच होतं.